एनसी नोंदवली म्हणून प्रकरण संपत नाही

चावडीसमोरून मोटारसायकल नेली एवढ्यावरून आपल्या पुतण्याला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाली, ठाण्यात केवळ अदखलपात्र नोंद (एनसी), म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत अशी नोंद, घेतली गेली आणि त्यानंतर वस्तीतील कोणालाही किराणा, दळण किंवा शेतातले काम मिळेनासे झाले, असे आपण कळवले आहे. वस्तीच्या भल्यासाठी तक्रार मागे घ्यावी का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते घेऊ नये.

ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा दखलपात्र असून, २०१८ साली जोडलेल्या कलम १८-अ नुसार तो नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वैध ठरवली आहे. म्हणून लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पोचपावती घेऊन द्यावी, आणि तेथेही दाद न मिळाल्यास विशेष न्यायालयात जावे.

मात्र तक्रारीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ असे मोघम लिहू नये. उच्चारलेले शब्द, कितीही किळसवाणे असले तरी, जसेच्या तसे लिहावेत. ते कोणी उच्चारले आणि त्या वेळी चावडीवर कोण हजर होते, हेही नमूद करावे, कारण अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला हे सिद्ध करावे लागते. खैरलांजीत २००६ साली एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना खुनाबद्दल शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचा आरोप न्यायालयात टिकला नाही. ती सल अजून जात नाही, म्हणून जातीचा संबंध पहिल्या जबाबातच स्पष्ट यावा, असा माझा आग्रह आहे.

बहिष्कार हा २०१५ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. मार एकाने खाल्ला, पण दळण नाकारल्याने चूल प्रत्येक घराची अडली आहे, आणि हे त्या मुलाने माघार घ्यावी यासाठीच चालले असावे. त्यामुळे ज्यांना ज्या तारखेला ज्या दुकानातून वा शेतातून परत पाठवले, त्या सर्वांनी आपापले जबाब द्यावेत. जिल्हाधिकाऱ्यांकडेही वेगळा अर्ज करावा. या कायद्याच्या नियमांनुसार पीडितांना सात दिवसांत मदत देणे ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे.

गुन्हा नोंदल्यावर तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असावा लागतो, आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कलम १५-अ ने आपल्याला दिला आहे. तक्रारीसोबत जातीचा दाखला व दवाखान्याचे कागद जोडावेत, आणि तक्रारीला उशीर एनसीमुळे झाला, हे त्यातच लिहावे.