तारीख नसलेला ताण

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेचा कटऑफ थोडक्यात हुकला हे समजलं, पण माझं लक्ष गेलं ते त्याखालच्या ओळींकडे. छातीत जळजळ, सारखं तोंड येणं, रात्री अडीचला जाग, मूठभर केस गळणं. आणि शेवटी, 'मीच कमकुवत असेन.' हे शेवटचं निदान साफ चुकलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

गल्लीत कुत्रा मागे लागला की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आधी ॲड्रेनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, पचन मंदावतं. कुत्रा गेला की थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. व्यवस्था उत्तम आहे, पण ती कुत्र्यासाठी, लोकसेवा आयोगासाठी नव्हे. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्व ऐनवेळी पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. मधले तीन महिने तुम्ही पोरं पळायच्या तयारीतच उभी होतात. कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि रात्री उतरतं, हा त्याचा नेम. महिनोन् महिने धास्ती राहिली की हा नेम बिघडतो. मग झोप तुटते, रक्तदाब चढू लागतो, प्रतिकारशक्ती ढिली पडते.

याचा एक प्रयोग तुम्हा परीक्षार्थींसाठीच केल्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ओहायोत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला मुद्दाम बारीकशी जखम केली. एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त लागले. १९९८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुलं अकराच होती, पण सुट्टीइतक्या लवकर परीक्षेच्या वेळी एकाचीही जखम भरली नाही. तेव्हा तुझ्या तोंडातल्या फोडांवरून स्वतःला नावं ठेवू नकोस.

पण सगळं खापर ताणावर फोडायचीही सोय नाही. पोटातले अल्सर ताणामुळेच होतात असं आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होतो. बहुतेकांमागे एक जिवाणू आहे हे दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तू मेसवर शाकाहारी जेवतोस. तोंड येण्यामागे बी-१२ची कमतरता असू शकते, केसांमागे थायरॉइड किंवा कमी हिमोग्लोबिन. आधी तपासू. शौच काळी झाली किंवा वजन उतरायला लागलं तर मात्र माझीही वाट पाहू नकोस, थेट दवाखाना गाठ.

आता उपाय. ताण घेऊ नकोस, असं मी सांगणार नाही. कॉट बेसिसवर राहून घरच्या पैशांवर तिसरा अटेम्प्ट देणाऱ्याला असं सांगणं म्हणजे थट्टाच. ताणाला वेळेचं कुंपण घाल. चोवीस तास उघड्या अभ्यासिका ही मला पुण्याच्या पेठांमधली सगळ्यात घातक सोय वाटते. रात्री दहाला पुस्तक मिटायचं. धडा अर्धा राहिला तरी मिटायचं. वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेतच. दुपारी चारनंतर चहा नाही, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास घेतं. टेलिग्रामचे ग्रुप दिवसातून एकदाच उघडायचे. रोज अर्धा तास झपझप चाल, पर्वती चढलास तर उत्तमच. अडीचला जाग आलीच तर घड्याळ बघू नकोस. श्वास सावकाश, घेतल्यापेक्षा लांबवून सोडत राहा, नाडी खाली येते.

आणि एक कटू गोष्ट. किती अटेम्प्ट द्यायचे आणि कोणत्या महिन्यानंतर दुसरं काम शोधायचं, हे आजच कागदावर लिही. तू याला पळपुटेपणा म्हणशील, मी औषध म्हणतो. आयोगाची तारीख तुझ्या हातात नाही, ही आहे.

हे सगळं नकोच, असं वाटायला लागलं तर कोणत्याही वेळी १४४१६ वर फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मला उठवलंस तरी चालेल.

शनिवारी सकाळी उपाशीपोटी ये, रक्त काढायचंय. त्याआधी निकालाचं बाबांना सांगून टाक. ते मला फोन करणारच आहेत, आणि मला खोटं बोलता येत नाही.

तुझा,
डॉक्टरकाका