स्थलांतरित मैना संध्याकाळी शहरातच का जमतात, आणि त्या केव्हा पाहाव्यात?

दिवसभर शहराबाहेरच्या शेतांत चरणाऱ्या या मैना रातथाऱ्यासाठी शहरातील झाडांवर येतात, कारण इमारती व रस्ते दिवसा साठवलेली उष्णता रात्री हळूहळू सोडत असल्याने तेथील हवा मोकळ्या माळापेक्षा उबदार राहते, शिवाय मोठ्या थव्यात प्रत्येकीचा धोका कमी होतो. रोममधील थव्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले की, प्रत्येक मैना केवळ जवळच्या सहा-सात शेजारणींच्या हालचालींशी आपली दिशा जुळवते. मला हे संध्याकाळी आकाशात एकत्र वळणाऱ्या थव्याच्या दृश्याइतकेच विलक्षण वाटते. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास पोहोचून झाडांपासून दूर, मोकळ्या जागी थांबावे. टॉर्च अथवा फ्लॅश मात्र मुळीच वापरू नये, कारण उठवलेल्या थव्याची थंड रात्रीसाठी राखलेली शक्ती व्यर्थ खर्च होते.