लोकसंख्या घटतेय, मग मालवणात घर स्वस्त होईल का?

प्रश्न : आम्ही मालवणात भाड्याने राहतो. मी खासगी दवाखान्यात नर्स आहे, पगार २४ हजार. नवरा पर्यटकांची होडी चालवतो, महिन्याला ३० हजार मिळतात. मालकांना आता खोल्या पर्यटकांना द्यायच्यात, ऑक्टोबरच्या आत सोडा म्हणतात. शिल्लक १० लाख. २८ लाखांचा फ्लॅट २० लाखांचं कर्ज काढून घ्यावा, की जिल्ह्याची लोकसंख्या घटतेय म्हणून भाव उतरेपर्यंत थांबावं?

उत्तर : ताई, भाव उतरतील या आशेवर थांबू नका. पण हा फ्लॅटही घेऊ नका.

सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. माणसं कमी झाली, घरं मात्र मोकळी झाली नाहीत. तुमच्याच आळीत बघा. दाराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि घर उघडणार गणपतीत नि मे महिन्यात. उरलेल्या खोल्या पर्यटकांकडे. त्यामुळे गावात कायम राहणाऱ्यालाच छप्पर मिळेना, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमचा हिशोब. २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे हप्ता सुमारे १७,३५०. पावसाळ्यात होडी बंद. ते तीन महिने तुमच्या पगारातून हप्ता गेला की हाती साडेसहा हजार. त्यात स्वतःचे ८ लाख भरून मुद्रांक शुल्क नि नोंदणीला दोनेक लाख गेले, की शिल्लक शून्य. एखादं आजारपण आलं तर दागिने गहाण पडतील.

२१ लाखांच्या आसपासचं, लहान किंवा समुद्रापासून आत असलेलं घर शोधा. १४ लाखांच्या कर्जाला हप्ता १२,१५० च्या आसपास बसेल आणि दीडेक लाख हाताशी राहतील. ते पावसाळ्यासाठीच, त्यांना हात लावायचा नाही. घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे. पण राहायला म्हणूनच घ्या. छोट्या गावात विकायला काढलेल्या फ्लॅटला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही.

तोवर राहायचं कुठे? एखाद्या बंद घराच्या मुंबईकर मालकांना फोन करा. भाडेकरू घर बळकावेल ही त्यांची भीती असते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, घरावर हक्क नाही), दोन वर्षांचा, आणि गणपतीत माजघर त्यांचं, असं स्पष्ट बोला. बंद घराला वाळवी लागते, कौलं गळतात, हे त्यांनाही ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये तुमच्या उत्पन्नाला जास्तीत जास्त १.८० लाखांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकतं. घर ३५ लाखांपर्यंतचं नि कर्ज २५ लाखांपर्यंतचं हवं. पण कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. यजमानांच्या गावच्या सामायिक घरात त्यांचं नाव लागलंय का, हे कागद काढून बँकेला दाखवा आणि मगच इसार द्या.