फोनला पाक कळतो का?

प्रश्न : ताई, मी नाशिकला घरूनच दिवाळीचा फराळ आणि रुखवताचे लाडू ऑर्डरप्रमाणे करून देते. पाकातले रवा लाडू एकदा मऊसूत होतात, तर एकदा दुसऱ्याच दिवशी दगड. भाचा म्हणतो, ‘मामी, फोनला जोडायचा थर्मामीटर घे, पाक झाला की फोनच ओरडून सांगेल.’ किंमत साडेचार हजार. मुंबईच्या जाऊबाईंनी दिलेल्या कृतीत ‘पाक १०५ अंशांवर उतरवा’ असं लिहिलंय, म्हणून मोह होतोय. घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थर्मामीटर जरूर घ्या. फोनसाठी मात्र घेऊ नका.

माझी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, हे पाश्चरीकरणाचं गणित पाळायचं म्हणजे आधी थर्मामीटर खरं बोलतोय का ते बघायचं. रोज सकाळी, चहाच्या आधी. त्यामुळे नवं यंत्र हातात आलं की माझं लक्ष पडद्यावरच्या आकड्यांकडे जात नाही, सुईच्या टोकाकडे जातं. फोन, ॲप, रंगीत आलेख हे सगळं त्या टोकाच्या मागचं लटांबर आहे. टोक खोटं बोललं तर फोन तेच खोटं जरा देखणं करून दाखवणार.

शेजारच्या मुलीनं हौसेनं असा एक घेतला होता, तो मागून आणून मी माझ्या ओट्यावर तपासला. कसा तपासला ते सांगते, कारण तुम्हालाही तेच करायचंय.

आधी बर्फ. स्टीलच्या पेल्यात बर्फ कुटून काठोकाठ भरायचा, मग फटी भरतील एवढंच पाणी ओतायचं. पाण्यात चार खडे तरंगतायत असं नको. तळाशी पाणी चार अंशांवर बसतं आणि आपण उगाच थर्मामीटरला शिव्या देतो. चमच्यानं ढवळायचं, सुईचं टोक मधोमध धरायचं, तळाला नाही, कडेला नाही. आकडा शून्यावर यायला हवा. एखादा अंश इकडेतिकडे चालेल.

मग उकळतं पाणी. तुमच्या लाडवांचं अर्धं दुखणं इथेच आहे. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. नाशिक, पुणे, माझं कोल्हापूर, सगळी साडेपाचशे-सहाशे मीटरवरची गावं. इथे पाणी ९८ च्या आसपासच खळखळतं. महाबळेश्वरला ९५-९६ लाच. आणि पाक म्हणजे तरी काय, साखर विरघळलेलं उकळतं पाणीच. त्याचा उकळबिंदूही तेवढाच खाली येतो. जाऊबाईंचा १०५ मुंबईचा आहे, तुमच्याकडे तो १०३. नाशिकमध्ये तुम्ही १०५ ची वाट बघत बसलात तर तोवर पाक एकतारीच्या पुढे गेलेला असतो.

दोन अंशांनी काय होतं, असं वाटेल. मुंबईच्या पातळीवर १०३ अंशांना उकळणाऱ्या पाकात साखर साधारण ६० टक्के असते, ११२ ला उकळणाऱ्यात ८० टक्के. म्हणजे नऊ अंशांत वीस टक्क्यांचा फरक. दोन अंश चुकले की रव्याला भिजायला पाणी कमी पडतं आणि लाडू खुर्चीखाली ठेवायच्या लायकीचा होतो. त्यात जाड बुडाची कढई असेल तर गॅस बंद केल्यावरही पाक शिजत राहतो, म्हणून अर्धा-एक अंश आधीच उतरवा. नवा थर्मामीटर आला की उकळत्या पाण्यात काय आकडा दाखवतो तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. १०० मधून तो वजा करा, आणि जो फरक येईल तो कुठल्याही कृतीतल्या पाकाच्या आकड्यातून वजा करा. थर्मामीटरची थोडीशी चूकही त्यातच वळती होते, म्हणून मला ही पद्धत आवडते. मात्र बर्फात बरोबर आणि उकळत्या पाण्यात पाच अंश चुकीचा, असा असेल तर परत पाठवा. त्याच्या नादी लागू नका.

आता वेग. खोक्यावर ‘एका सेकंदात’ छापलेलं असतं. पहिला आकडा उमटणं वेगळं आणि आकडा स्थिर होणं वेगळं. बर्फातून काढून थेट उकळत्या पाण्यात घाला आणि मनात मोजा. थर्मोकपल जातीचं टोक दोन-तीन सेकंदांत ठरतं, थर्मिस्टर जातीचं सात-आठ किंवा जास्तही घेतं. कुठली जात आहे ते माहितीपत्रकात असतं. पाक शेवटी शेवटी भराभर चढतो. सात सेकंदांनी कळलेला आकडा तोवर जुना झालेला असतो. टोक बारीक असेल तर थोड्या पाकातही चालतं. पाव किलो साखरेचा पाक असेल तर कढई जराशी कलती करून पाक एका बाजूला घ्यायचा आणि टोक त्यात बुडवायचं, बुडाला न टेकवता. बुडाला टेकलं तर आकडा कढईचा, पाकाचा नव्हे.

आणि ज्यासाठी साडेचार हजार मागतायत तो ब्लूटूथ? चटकन तापमान सांगणारा थर्मामीटर आपण हातात धरूनच वापरतो. आकडा दांड्यावरच्या पडद्यावर डोळ्यांसमोर असतो. तोच फोनवर बघायचा तर चिकट हातानं फोन उघडा, ॲप उघडा, जोडणी होईस्तोवर थांबा, तेवढ्यात नणंदेचा फोन येतो. भाच्याला वाटतंय की पाक झाला की फोन ओरडेल. त्यासाठी सुई कढईत सोडून ठेवावी लागेल, आणि या जातीचा प्लॅस्टिकचा दांडा वाफेवर तासभर ठेवण्यासाठी बनवलेलाच नसतो. ओरडणाराच हवा असेल तर वायरवाला घ्या. सळई चिमट्यानं कढईच्या काठाला अडकवायची, वायर बाहेर, पडदा ओट्यावर, ठरलेल्या अंशाला पीं पीं करतो. त्याला फोन लागत नाही.

इथे एक मोठा धोका सांगून ठेवते, कारण भाच्यानं नेमकं काय बघितलंय ते मला ठाऊक नाही. ‘स्मार्ट’, ‘वायरलेस’ या नावानं एक वेगळीच वस्तू विकतात. नुसती जाड सळई, पडदा नाही, वायर नाही, सगळं फोनवर. ती ओव्हनमध्ये भाजायच्या मोठ्या मांसात खुपसून ठेवण्यासाठी आहे. तिची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स सळईच्या पोटातच असतात, आणि ती मांसाच्या ओलाव्यात थंड राहतात या हिशेबावर ती बनवलेली असते. अशा कित्येक सळयांच्या टोकाची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. शेपटाकडची बाजू २००-३०० सोसते, आणि जाहिरातीत ठळक तोच आकडा छापतात. ती पाकात किंवा चकलीच्या तेलात बुडवलीत की पैसे तिथेच बुडाले. घेण्याआधी टोकाची मर्यादा वाचा. तळणाला किमान २५० तरी हवी.

फोनचा उपयोग शून्य आहे असं मात्र म्हणत नाही. उद्या ऑर्डरी वाढल्या, पनीर, बासुंदी, श्रीखंड असं दुधाचं करायला लागलात, तर कुठल्या घाण्याचं दूध किती वाजता किती अंशांवर गेलं आणि किती वेळात थंड झालं याची नोंद लागते. तेव्हा आपोआप होणारी नोंद बरी. आम्ही रजिस्टरात लिहायचो आणि पाळीच्या शेवटी एकदम पाच रकाने भरणारे महाभागही होते. फोन तसं करत नाही. पण आज तुमचं काम लाडवांचं आहे. बिनफोनचा, बारीक टोकाचा, थर्मोकपलवाला, पेनासारखा थर्मामीटर घ्या. पैसे उरतील त्यात जाड बुडाची कढई घ्या, ती जास्त कामाला येईल.

आणि गुळाच्या पाकाला हे आकडे डोळे झाकून लावू नका. गुळात साखरेखेरीज इतर बरंच काही असतं आणि दर ढेपेला वेगळं. चिक्कीसाठी थेंब थंड पाण्यात टाकून ताटलीवर टण् वाजतो का, हेच ऐका.

प्रश्न : मुलानं अमेरिकेतल्या एडिसनहून फोनला जोडायचा थर्मामीटर पाठवलाय. सून म्हणते, चिकन १६५ झाल्याशिवाय खायचं नाही. आमच्या तांबड्या रश्श्यात हे कसं बघायचं? – वाचक, सांगली

उत्तर : सूनबाई म्हणतात ते १६५ फॅरनहाइट, म्हणजे आपले ७४ अंश. अमेरिकेच्या शेती खात्याचा कोंबडीसाठीचा आकडा तोच आहे, आणि सूनबाई बरोबर आहेत. फक्त तुमचा रस्सा रटरटतोय म्हणजे तो ९८ च्या घरात आहे. वीस मिनिटं उकळलेल्या तुकड्यात सुई खुपसायची गरज नाही. तिकडे अख्खी टर्की ओव्हनमध्ये भाजतात, बाहेरून खरपूस आणि मांडीच्या सांध्याशी कच्ची राहू शकते, म्हणून त्यांच्याकडे ही वस्तू घरोघर. तुम्ही ती तंदुरी, जाड कबाब आणि केकसाठी वापरा. टोक सगळ्यात जाड भागाच्या मध्यात, हाडाला न लावता. आधी बटण शोधून सेल्सियस करून घ्या, नाहीतर विरजणाच्या दुधाचा आकडा १०५ बघून घाबराल.

प्रश्न : विरजण लावायला दूध किती अंशांवर हवं? करंगळी बुडवून बघण्यात चुकतं का? – वाचक, बेळगाव

उत्तर : ४० ते ४३. करंगळी चुकत नाही, करंगळीचा मालक बदलला की चुकते. चुलीशी वावरलेल्या हाताला ४८ सुद्धा कोमटच वाटतं. घट्ट दही हवं तर दूध आधी ८५ पर्यंत तापवून थोडा वेळ तिथेच राहू द्या, मग निववा. निवताना मध्ये मध्ये ढवळून मग मोजा. साईखाली आणि तळाशी वेगवेगळे आकडे येतात.

प्रश्न : नव्या थर्मामीटरचं ॲप माझं लोकेशन मागतंय. स्वयंपाकाला माझा पत्ता कशाला? – वाचक, पुणे

उत्तर : फोन जुना आहे का? अँड्रॉइड ६ ते ११ वर आसपासचं ब्लूटूथ यंत्र शोधायला लोकेशनची परवानगी लागायचीच. १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. म्हणजे जुन्या फोनवर मागणं समजण्यासारखं आहे. द्यायचीच तर ‘ॲप वापरताना’ एवढीच द्या. पण खातं उघडा, ईमेल द्या, जन्मतारीख द्या असं म्हणायला लागलं तर मी ती वस्तू परत करीन. आणखी एक बघा : फोन बंद करून थर्मामीटर एकटा चालतो का? त्याला स्वतःचा पडदा नसेल तर ज्या दिवशी कंपनी ॲप बंद करील त्या दिवशी तुमच्या हातात नुसती सळई उरेल. अंतराचंही तसंच. ‘तीस मीटर’ म्हणतात ते मोकळ्या मैदानातलं. मध्ये भिंत, फ्रिज आणि मांडणीवरचे स्टीलचे डबे आले की शेजारच्या खोलीतही जोडणी तुटते. आणि बॅटरी चपट्या गोल सेलची असेल व घरात लहान मूल असेल तर झाकण स्क्रूचं आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.