मेडिकलवाल्यानं गोळी नाकारली, म्हणून…

प्रश्न : पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. तिकडं घसा दुखला की दुकानातला फार्मासिस्टच तपासून अँटिबायोटिक देतो म्हणे. आमच्या मेडिकलवाल्यानं मात्र चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे अँटिबायोटिक द्यायला साफ नकार दिला. इतक्या वर्षांची ओळख, तरी?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : त्यानं बरोबर केलं. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून सात आजारांपुरती ही मुभा आहे, पण ती फार्मासिस्टच्या मर्जीवर नाही. घशाचंच घ्या. गेल्या २४ तासांत ताप, टॉन्सिलवर पू, टॉन्सिल खूप सुजलेले, दुखणं तीन दिवसांच्या आतलं, खोकला-सर्दी नाही. प्रत्येकाला एक गुण. चार-पाच भरले तरच अँटिबायोटिकचा विचार, आणि तेही बहुतेकांना साधं पेनिसिलिन, पाच दिवस. सेफिक्झिम तिथल्या यादीत नाहीच.

आपल्याकडं अशी लेखी चौकट नाही. औषधांचे नियम केंद्राचे, त्यामुळं कर्नाटकातलं खानापूर काय नि महाराष्ट्रातलं चंदगड काय, सारखेच. सेफिक्झिमच्या पट्टीवर लाल चौकटीतली सूचना बघा : हे शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या यादीतलं औषध. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध नि संख्या लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. याच यादीतलं लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणखी फसवं. क्षयाचे जंतू त्यानं तात्पुरते दबतात, खोकला कमी होतो, थुंकीत काही सापडत नाही आणि निदान लांबतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला की गोळी मागू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. पैसे लागत नाहीत.

जुलाबाला मात्र ओआरएस खुशाल मेडिकलमधून आणा. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर मीठ जास्त होऊन लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : गडहिंग्लजच्या डॉक्टरांची चिठ्ठी निपाणीत चालते का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गडहिंग्लज महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात, तरी एमबीबीएस डॉक्टरांची चालते. सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण गोळ्या लिहिलेल्या हव्यात. आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी लिहिलेली अ‍ॅलोपॅथीची औषधं अडू शकतात. ती परवानगी ज्या-त्या राज्याच्या आदेशावर असते. बीपी-शुगरची चिठ्ठी असेल तर औषध किती वेळा द्यायचं, हेही तिच्यावर लिहून घ्या. तसं लिहिलेलं नसेल तर नियमानं चिठ्ठी एकदाच चालते.