नळीत फुंकून घ्यायला डिग्री कशाला?

ताई, तुमची मुलगी बारावी सायन्स झाली, एमबीबीएसला नंबर लागला नाही आणि इचलकरंजीत आजोबांची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) बघितल्यापासून तिला हेच शिकायचंय, असं तुम्ही लिहिलंय. 'नळीत फुंकून घ्यायला डिग्री कशाला, उद्या मशीनच सगळं करेल' ही तुमची काळजी.

मशीन आकडा देतं. तो खरा आहे की नाही, हे टेक्निशियनवर ठरतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, याच्या गुणोत्तरावरून श्वासनलिका अरुंद झाल्यात का ते कळतं. आता पेशंट दमून लवकर थांबला, की एकूण आकडा कमी येतो, गुणोत्तर चांगलं दिसतं आणि आजार लपून जातो. म्हणून नाकाला क्लिप लावून, ओठ माउथपीसवर घट्ट धरायला लावून 'फुंका, अजून, अजून, सोडू नका!' असं शेवटपर्यंत ओरडावं लागतं. किमान तीन वेळा नीट फुंकलेलं हवं, त्यातल्या सर्वांत चांगल्या दोनांत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. मोठ्या माणसांत आठ वेळा करूनही जमलं नाही, तर साधारणपणे थांबतात. शिवाय मशीन वापरण्याच्या दिवशी 3 लिटरच्या सिरिंजने तपासायचं, चूक 3 टक्क्यांच्या आत हवी. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांकडून हे सगळं करून घेणं मला तरी सोपं वाटत नाही!

मात्र फक्त स्पायरोमेट्रीवर थांबू नका. काही आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर नोकरी टिकणं अवघड. रेस्पिरेटरी थेरपीची पदवी घ्या, त्यात व्हेंटिलेटर, ऑक्सिजन थेरपी, रक्तातल्या वायूंची तपासणीही येते. मग छातीच्या ओपीडीबरोबर आयसीयूचं दारही उघडतं. धुळीत काम करणाऱ्यांच्या तपासणीतही हे काम लागतं. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा त्रास तुमच्या गावाला सांगायला नको. सुरुवातीचा पगार मोठा नसतो, ते आधीच धरून चाला. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी (टेक्निशियन, थेरपिस्ट वगैरे) 2021 चा केंद्रीय कायदा आलाय, तेव्हा कोर्स त्याच्या निकषांत बसतो का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा.

कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे पीएफटी लॅब (फुप्फुसांच्या तपासण्यांची लॅब) चालू आहे का आणि विद्यार्थ्यांना पेशंटवर हात बसवायला मिळतो की नुसतं बघत उभं राहावं लागतं, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनाच विचारा.