दुबईची नोकरी की जर्मनीतलं शिक्षण?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले केळी उत्पादक. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, जळगाव एमआयडीसीत दोन वर्षांपासून नोकरी करते. तिला दुबईत नोकरी मिळतेय, जर्मनीत एम.एस.ला प्रवेशही मिळालाय. राहणीमान कुठे चांगलं? जर्मनीची फी बारा लाख म्हणतात. जमीन गहाण ठेवावी का?

भाऊ, सप्रेम नमस्कार.

जमिनीला हात लावू नका. शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, म्हणजे शेवटी सावकाराच्या दारात जावं लागेल. आणि ते बारा लाख फी नव्हेच. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याचं शुल्क नसतं. काही अपवाद आहेत; बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो पडतात. तुमच्या कानावर आलेला आकडा ‘ब्लॉक्ड अकाउंट’चा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवायला उघडायच्या खात्याचा आहे. सध्या 11,904 युरो तिच्याच नावावर ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला 992 युरो खर्चाला काढायचे. तिची बचत आणि तिच्या नावावरचं कर्ज मिळून हे जमवता येतं.

आता राहणीमान. दुबईत पगारावर आयकर नाही, मुंबईहून विमानानं तीनेक तासांचा प्रवास, आपल्याकडचं वाणसामान सगळीकडे. पहिल्या महिन्यापासून घरी पैसे येतील. पण तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली आणि ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर परत यायचं. परदेशी माणसाला तिथे सरकारी पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी मिळते ती पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी. म्हणून ऑफर लेटरमधला एकूण आकडा पाहून हुरळू नका. मूळ पगार किती आणि भत्ते किती, ते वेगळं विचारा. बऱ्याच ठिकाणी मूळ पगार मुद्दाम कमी दाखवतात.

जर्मनीत कर आणि विम्यापोटी पगारातला मोठा हिस्सा कापला जातो. आपल्याकडच्या लोकांना ते फार टोचतं. पण नोकरीतला माणूस आजारी पडला तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि उपचार विम्यात होतात. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने राहता येतं. पुढे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) मिळालं आणि जर्मन भाषा बी-1 म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली, तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. एकट्या मुलीच्या दृष्टीनं मी या गोष्टींना पगाराच्या आकड्याहून जास्त वजन देते.

त्रासही सांगते. रावेरचं मे महिन्यातलं ऊन सोसलेल्या पोरीला दुबईचा उन्हाळा अगदीच नवा नसेल. जर्मनीत मात्र डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात, भाड्याची खोली मिळता मिळत नाही. पहिला हिवाळा एकटेपणाचा जातो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यात जर्मनच चालते, आणि भाषा न शिकता गेलेली मुलं पदवी घेऊन नोकरीसाठी अडकतात.

घरावर कर्ज असेल आणि येत्या दोन-तीन वर्षांत तिच्या कमाईतूनच फेडायचं असेल, तर दुबईच निवडा. तसं नसेल तर माझा कौल जर्मनीला. मात्र निघण्याआधी तिची जर्मनची ए-2, म्हणजे बी-1च्या आधीची पायरी, तरी झालेली हवी. जळगावात वर्ग नसेल तर ऑनलाइन लावा, नोकरी सांभाळून होतं. एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदवीची कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दाखला) काढलं नसेल तर या आठवड्यातच अर्ज करायला सांगा. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचं पुढे सरकत नाही, आणि ते हातात यायला वेळ लागतो.